रेंद्राची 'जाकार्तातल्या वेश्यांनो, एक व्हा' मराठीत आणताना : कुठे काय अडतं?

पाणचक्की

रेंद्रा हा इंडोनेशियाचा कवी आणि नाटककार (१९३५–२००९). जन्म सोलोचा. १९७१ च्या 'ब्लूज उन्तुक बॉनी' या संग्रहात त्याची एक लांबलचक कविता आहे, 'बर्सातुलाह पलाचुर-पलाचुर कोता जाकार्ता'. म्हणजे 'एक व्हा, जाकार्ता शहरातल्या वेश्यांनो'.

कविता न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. शहरात वेश्यांविरुद्ध मोहीम निघाली आहे, पेपरात त्यांना देशाच्या विपत्तीचं मूळ ठरवलं जातंय. त्या घाबरल्यात, लाजेनं चूर झाल्यात. कवी सांगतो, पुरे झालं, अंबाडा पुन्हा बांधा आणि आता तुम्हीच चाल करून जा. सारिनाला म्हणतो, सांग लोकांना, मंत्र्यानं ऑफिसात कसं बोलावलं, देशाच्या लढ्यावर लांबण कसं लावलं आणि तुला 'क्रांतीची प्रेरणा' म्हणता म्हणता हात कुठे घातला. मग दासिमाला तेच, फक्त तिथे क्रांतीचे पुढारी आळीपाळीनं येतात. मग भुकेचा, निरुपयोगी सर्टिफिकिटांचा, बंद पडलेल्या कंपन्यांचा हिशेब. शेवटी कार्यक्रम : काठीला अंतर्वस्त्रं बांधून शहरभर मिरवणूक काढा, दर दुप्पट करा, महिनाभर संप करा.

इंग्रजीवरून मराठी करायला गेलं की ही कविता हमखास 'करुण' होते. कारण मूळ शब्दांचे तीन ढीग आहेत आणि इंग्रजीत ते एकमेकांत मिसळतात. एक ढीग व्यासपीठाचा (क्रांती, देश, जनता, समृद्धी), दुसरा बाजाराचा (दर, संप, तारांबळ), तिसरा शरीराचा. विनोद आणि राग दोन्ही या ढिगांच्या टकरीतून येतात. म्हणून काम सुरू करताना मूळ संहितेची प्रत काढून तीन रंगांनी शब्द रंगवावेत. एका ओळीत दोन रंग आले की तिथे कवितेचा दात आहे असं समजायचं. अनुवादात त्या ओळीला एकच रंग उरला तर ओळ परत लिहायची.

शीर्षकात 'संघटित व्हा', 'एकत्र या' नको. 'काउम बुरुह सदुनिया, बर्सातुलाह' म्हणजे आपलं 'जगातील कामगारांनो, एक व्हा'. कम्युनिस्ट पक्षावर १९६६ च्या मार्चमध्ये बंदी आलेली, त्याआधी लाखो माणसं मारली गेलेली, आणि १९७१ मध्ये हा माणूस त्या घोषणेचा सांगाडा उचलून वेश्यांना देतोय. मराठी कानाला ती घोषणा गिरणगावापासून पाठ आहे. ती सोडायची कशाला?

खारेदाणे

पहिल्याच कडव्यात अडायला होतं. वेश्यांना 'गान्यांग' केलं गेलंय, असं तो म्हणतो. इंग्रजीत याचं काहीतरी 'चिरडणे' होतं आणि विषय संपतो. पण १९६३ पासून तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष सुकार्नो याची घोषणा होती 'गान्यांग मालेशिया'. भिंतीभिंतींवर, सभेसभेत. शेजारच्या देशाविरुद्धचा युद्धशब्द सरकार स्वतःच्याच शहरातल्या उपाशी बायांवर वापरतंय, अशी ती थप्पड आहे.

शिवाय या शब्दाचा मुळातला अर्थ खाऊन टाकणे असाही आहे. मराठीत 'फडशा पाडणे' बरोबर बसतं : जेवणाचाही पडतो, शत्रूचाही.

अडकित्ता

'फडशा' झकास. पण खरा सापळा दुसरीकडे आहे, आणि तो खास आपल्यासाठी लावलेला आहे. या भाषेत संस्कृत आणि अरबी शब्द इतके आहेत की मराठी माणसाला वाटतं, अर्धी कविता आयतीच मिळाली.

काही खरोखर आयते मिळतात. 'मंतरी' म्हणजे मंत्री, 'देवा-देवा' म्हणजे देव (अनेकवचन शब्द दोनदा म्हणून होतं), 'बुमी' म्हणजे भूमी. 'राक्यात' म्हणजे रयत! याचं भाषांतर 'जनता' करणाऱ्याला काय म्हणावं. मात्र जपून. तिकडे 'राक्यात' हा आजचा, भाषणातला शब्द आहे, आपली 'रयत' शिवकाळात जाऊन बसली. दासिमाच्या कडव्यात पुढारी 'रयतेच्या समृद्धी'वर बोलतात तिथे ती शोभते, कारण तिथे भाषणच चाललंय. पण रोजगाराच्या ओळीत 'लोकांना' एवढंच ठेवावं.

काही फसवतात. 'मुर्का' आपल्या 'मूर्ख'पासून आला, पण तिकडे अर्थ संताप, तोही राजाचा किंवा देवाचा. कवी पेपर वाचून 'मुर्का' होतो. 'मला राग आला' इथे कमी पडतं, 'मी कोपलो' हवं. 'बंचाना' आला वंचनेवरून, अर्थ मात्र संकट, आपत्ती. 'इस्त्री' म्हणजे बायको. कुठलीही स्त्री नव्हे. 'पुतुस आसा' म्हणजे आशा तुटलेली, हताश, हे सरळ आहे.

आणि एक घरबसल्या मिळालेलं : 'कोरबान'. अरबी कुर्बानवाला. इंडोनेशियनमध्ये त्याचा अर्थ यज्ञातला बळीही होतो आणि अपघातातला बळीही. मराठी 'बळी' दोन्ही अर्थ एका घासात देतो, इंग्रजीला दोन शब्द लागतात. पालुपदात हा शब्द आहे. पश्चात्ताप करायचा तेवढा करा, पण स्वतःचा बळी द्यायला राजी होऊ नका, असा त्याचा रोख. तिथे 'शोषित', 'पीडित' असलं काही आणलं की पालुपद मेलं.

तिसरी_घंटा

रंगमंचाच्या बाजूनं. कवी त्यांना 'साउदारी-साउदारीकू' म्हणतो, आणि मराठीत हे 'बहिणींनो' किंवा 'सख्यांनो' होण्याचा धोका आहे. 'साउदारा' हा संस्कृत 'सोदर'. 'साउदारा-साउदारा!' ही इंडोनेशियातल्या प्रत्येक जाहीर भाषणाची सुरुवात, आणि 'साउदारी' त्याचं स्त्रीरूप. म्हणजे आपलं 'बंधू आणि भगिनींनो'. तेव्हा 'माझ्या भगिनींनो'च हवं, आणि म्हणताना किंचित थांबून, माईक पुढे असल्यासारखं. मंत्र्याच्या तोंडची भाषा कवीनं हिसकावून घेतलीय हे श्रोत्याला त्या एका हाकेत कळलं पाहिजे.

वाचनात नेहमी चुकतं ते असं. वाचणारा पहिल्या ओळीपासून पट्टी वर लावतो आणि सारिनाच्या कडव्यापर्यंत घसा संपतो. मूळ रचना बघा. सुरुवातीला घाबरलेपणाचे तुटक एकेक शब्द, एकेका ओळीत. ते खाली, जवळजवळ कुजबुजीत. मंत्र्याचा भाग गुळगुळीत, अजिबात न चिडता, कारण तो माणूस चिडलेला नाहीच, तो तृप्त आहे. आवाज चढायची पहिली जागा 'मी कोपलो' ही. आणि शेवटचा दरवाढ-संपाचा तुकडा पुन्हा सपाट, हिशेब सांगितल्यासारखा. तिथे हशा आला पाहिजे. ओरडलात तर येणार नाही.

नवा_भिडू

याच कवितेमुळे त्याला तुरुंगात टाकलं ना?

पाणचक्की

नाही, दोन गोष्टी एकत्र होतायत. अटक १९७८ च्या मे महिन्यात झाली. एप्रिलअखेर जाकार्ताच्या तामान इस्माईल मार्झुकी या कलासंकुलात त्याचं काव्यवाचन होतं, तिथे कुणीतरी मंचावर अमोनियाचे बॉम्ब फेकले आणि पुढच्या काही दिवसांत आत गेला रेंद्राच. हल्ला कवीवर आणि शांतताभंगही कवीचाच! ऑक्टोबरपर्यंत कोठडी, आणि मग काही वर्षं जाहीर कार्यक्रमांना मज्जाव. १९८६ मध्ये 'पानेंबाहान रेसो' हे मोठं नाटक घेऊन तो परतला.

त्या अटकेमागे १९७७-७८ च्या 'पत्रक' छापाच्या कविता होत्या, विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत वाचलेल्या. त्या पुढे 'पोत्रेत पंबांगुनान दालाम पुइसी' म्हणजे 'कवितेतलं विकासाचं चित्र' या संग्रहात आल्या. त्यांचं लक्ष्य सुकार्नोनंतरचा राष्ट्राध्यक्ष सुहार्तो याचा 'विकास'. वेश्यांच्या कवितेचं लक्ष्य त्याआधीची, सुकार्नोच्या दिवसांतली 'क्रांती' आहे. हे घोळलं की लोक अनुवादात 'विकास' घुसडतात. कवितेत शिवी 'देवांची क्रांती' अशी आहे : स्वर्गासाठी लढते, भूमीसाठी नाही, आणि तिच्यातून नोकऱ्या निघत नाहीत. १९६६ साली तिथली महागाई वर्षाला ६०० टक्क्यांवर गेली होती हे डोक्यात ठेवून ती ओळ वाचा.

बखरवाला

दोन नावांबद्दल कुणी बोललं नाही अजून. ती नावं सहज घेतलेली नाहीत.

सारिना ही सुकार्नोला लहानपणी सांभाळणारी बाई. तिच्या नावानं त्यानं १९४७ मध्ये पुस्तक काढलं, विषय राष्ट्राच्या लढ्यातली स्त्रियांची कर्तव्यं. पुढे जाकार्ताच्या थामरिन रस्त्यावर देशातलं पहिलं मोठं डिपार्टमेंट स्टोअर उभं राहिलं, १९६६ साली उघडलं, त्याचंही नाव सारिना. म्हणजे आदर्श स्त्री, ग्रंथ आणि दुकान, तिन्हीवर एकच पाटी. रेंद्रानं ती पाटी काढून मंत्र्याच्या ऑफिसात बोलावलेल्या बाईच्या गळ्यात घातली.

दासिमा जुन्या बटाव्हियातली, म्हणजे डचांच्या काळातल्या जाकार्तातली. १८९६ साली जी. फ्रान्सिस नावाच्या लेखकानं 'न्याई दासिमा' ही गोष्ट छापली. 'न्याई' म्हणजे गोऱ्या साहेबाची ठेवलेली बाई. दासिमा इंग्रज साहेबाकडे असते, एक स्थानिक माणूस तिला गोड बोलून बाहेर काढतो, तिच्या पैशाअडक्यावर डोळा ठेवून. शेवट तिच्या खुनात आणि प्रेत नदीत. साहेब गेले, पुढारी आले, दासिमा तिथेच.

आता मराठीत काय करायचं? नावं बदलून आपली घालण्याचा मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे, अजिबात बदलू नयेत. तळटीपही नको, वाचनाच्या आधी दोन वाक्यं सांगावीत. नाव बदललं की कविता जाकार्ताची राहत नाही आणि मुंबईचीही होत नाही.

उंबरठा

सगळे शब्दांवर खूश आहात, थोडं कवितेकडेही बघू.

रेंद्रा म्हणतो, तुम्हाला बरखास्त करणं राजकीय पक्ष बरखास्त करण्याइतकं सोपं नाही, त्यांनी तुम्हाला काम दिलं पाहिजे. हा भाग आजही खणखणीत आहे. (१९६० मध्ये मास्युमी आणि समाजवादी हे दोन पक्ष सुकार्नोनं मोडीत काढले होते, त्याचा तो टोमणा.) पण लगेच पुढे काय, तर माजी वेश्यांशी लग्न करा असं न सांगता वेश्याव्यवसायाचा फडशा पाडा म्हणणं ही बडबड आहे. म्हणजे फिरून उपाय नवराच! आणि शेवटी महिनाभराच्या संपाचा परिणाम काय, तर पुरुषांची डोकी भंजाळतील आणि ते भावांच्या बायकांबरोबर व्यभिचार करतील. त्या भावजयांना कुणी विचारलं? हशा येतो खरा, पण तो पुरुषांच्या बाकावरून येतो.

प्रत्यक्षात सरकारनं केलं ते 'लोकालिसासी'. जाकार्ताच्या गव्हर्नर अली सादिकीननं १९७० च्या सुमाराला उत्तरेला क्रामात तुंगाक इथे वस्ती आखून दिली, नोंदणी, कुंपण, सगळं. १९९९ मध्ये ती बंद झाली, त्या जागी आता इस्लामिक सेंटर आहे. सुराबायाची डॉली वस्ती २०१४ मध्ये बंद केली. दोन्ही वेळा भाषणांची भाषा रेंद्राच्या कवितेतल्यासारखीच.

सरकारी शब्द तर बघण्यासारखा आहे : 'वनिता तुनासुसिला'. 'तुना' म्हणजे उणीव असलेली आणि 'सुसिला' म्हणजे आपली सुशीला. सुशीलपणा कमी पडलेली वनिता! रेंद्रा हा गोंडस शब्द झिडकारून 'पलाचुर' म्हणतो. त्याचं मूळ 'लाचुर', त्यात कमनशिबी आणि वाईट चालीची, दोन्ही छटा. म्हणून 'देहविक्रय करणाऱ्या महिला' असलं काही अनुवादात आणू नये. ते 'तुनासुसिला'चंच मराठी होईल.

खारेदाणे

उंबरठा, हरकत मान्य, पण शेवटच्या शब्दाला एक बाजू आहे. तिथे 'इस्त्री साउदारान्या' आहे. तिसरी_घंटांनी वर सांगितलेला तोच 'साउदारा'. भाऊ, नातेवाईक आणि भाषणातला 'बंधू', तिन्ही. कवी बायांना 'साउदारी' म्हणून हाक मारत आला आणि शेवटी पुढारी आपल्याच 'साउदारां'च्या घरात शिरतात. 'वहिनी' किंवा 'भावजय' लिहिलं तर गोष्ट घरगुती होते. 'आपल्याच बांधवांच्या बायकांशी' लिहिलं तर व्यासपीठावरचे 'बंधू-भगिनी' परत ऐकू येतात आणि टोला पुढाऱ्यांच्या आपापसातल्या इमानावर बसतो. भावजयांना कुणी विचारलं नाही हे तरीही उरतंच.

उंबरठा

'बांधवांच्या' चालेल. उरतं ते उरू दे.

वाटसरू_दोन

हे सगळं वाचून नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आठवला. एका वर्षाचा फरक, १९७१ आणि १९७२.

अडकित्ता

तुलना होणारच, पण अनुवाद करताना ती बाजूला ठेवावी. ढसाळांची भाषा कामाठीपुऱ्याच्या आतून येते, तेंडुलकरांना प्रस्तावना लिहिताना शब्दांचे अर्थ विचारावे लागले. रेंद्राची भाषा सोपी, वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही कळणारी. तो बाहेर उभा राहून, मित्र म्हणून बोलतो, आणि ते लपवतही नाही. त्याच्या तोंडी 'गोलपिठा'ची बोली घातली तर सोंग होईल. शब्द साधे, बाजाराचे ठेवा : 'पुयेंग' म्हणजे डोकं भंजाळणं, 'कलाबाकान' म्हणजे तारांबळ, 'केदेर' म्हणजे बिचकणं. 'तारिफ'साठी 'रेट' हाच शब्द. 'शुल्क' लिहिणाऱ्याला दंड.

'बादुत'वर मात्र अजून अडलंय. पेपरात बायांना झोडपणाऱ्यांना तो 'बादुत' म्हणतो, म्हणजे जत्रेतला, रंग फासलेला विदूषक. 'सोंगाड्या' ओठावर येतो, पण तमाशातला सोंगाड्या हुशार असतो, राजाला टोचतो, आपला माणूस असतो. हे उलट आहेत. 'विदूषक' शाकुंतलात जातो. 'जोकर' त्यातल्या त्यात बरा.

तिसरी_घंटा

जोकरच. वाचनात ठणकतोही छान.

मोहरीपूड

याच संग्रहातली 'न्यान्यिआन आंग्सा' (हंसगीत) कुणी घेतली नाही. विषय तोच, पण तिथे भाषण नाही, गोष्ट आहे. मारिया जैतून ही आजारी वेश्या, कोठेवालीनं बाहेर काढलेली, भर दुपारी शहरातून चालत जाते. डॉक्टर, चर्च, सगळीकडून हाकलली जाते. पालुपद चार तुकड्यांचं : दुपारचे बारा, डोक्यावर सूर्य, वारा नाही, 'ताक मेगा', म्हणजे मेघ नाही. हा 'मेघ' तसाच ठेवा, 'ढग' नको. ती ओळ ठेक्यासाठी आहे आणि मूळ शब्दाचा नाद 'मेघ'मध्येच मिळतो.

डॉक्टरचा प्रसंग बघा. तो नर्सला सांगतो, व्हिटॅमिन सी टोच. नर्स चमकते, निदान साल्वारसान तरी हवं (सिफिलिसवरचं जुनं, आर्सेनिकचं औषध). डॉक्टर म्हणतो, कशाला, ही पैसे देऊ शकत नाही, आणि मरायलाच टेकलीय. बस. कवी एक शब्द जोडत नाही. औषधांची नावं अनुवादात 'एक इंजेक्शन' करून टाकली तर सगळा गुन्हाच पुसला जातो. व्हिटॅमिन सी म्हणजे केस संपली, हे वाचकाला नावातूनच कळायला हवं.

शेवटी तिला एक देखणा पुरुष भेटतो, हातापायांवर जखमांच्या खुणा असलेला. कुणाच्या ते सांगायला नको. अनुवादकानंही सांगू नये.

बखरवाला

रेंद्रा जन्मानं कॅथलिक, १९७० मध्ये त्यानं इस्लाम स्वीकारला. ही कविता छापून येईपर्यंत तो मुसलमान झालेला होता. वाचनाआधी सांगायची तर एवढी माहिती पुरे, त्यावर प्रवचन नको.

उंबरठा

संपाची गोष्ट निघालीच आहे तर सापार्दी जोको दामोनो या इंडोनेशियन कवीची 'दोंगेंग मार्सिना' सोबत वाचा. 'दोंगेंग' म्हणजे लहान मुलांना सांगायची कहाणी. मार्सिना पूर्व जावातल्या घड्याळाच्या कारखान्यातली कामगार. १९९३ च्या मे महिन्यात संप झाला, मागणी होती रोजची मजुरी १७०० रुपियावरून सरकारनं ठरवलेल्या २२५० रुपियावर न्यावी. ५ मे ला तेरा सहकाऱ्यांना लष्करी कार्यालयात बोलावून राजीनामे घेतले. ती जाब विचारायला गेली, त्या रात्रीपासून बेपत्ता, आणि काही दिवसांत न्गांजुक भागात प्रेत. वय २४. ज्यांना शिक्षा झाली ते सगळे अपिलात सुटले, शेवटचे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून.

सापार्दी ओरडत नाही. ती घड्याळं बनवते, मग कवितेत तीच घड्याळ होते, टिकटिकत राहते, एवढ्या धाग्यावर सगळं. मराठीत एकच मोह टाळायचा, 'काळ' हा भारदस्त शब्द. तिथे मनगटावरचं घड्याळ आहे, पट्ट्याचं. ते तसंच राहिलं पाहिजे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्सिनाला राष्ट्रीय वीर हा सन्मान दिला गेला. त्याच यादीत, त्याच दिवशी, सुहार्तोलाही.

नवा_भिडू

!!!

तिसरी_घंटा

रेंद्रा असता तर पुढची कविता आयती होती.

पाणचक्की

कामाचं थोडं. संहिता नेटवरून उचलू नका, ओळी तोडण्यात बरेच फरक पडतात, काही ठिकाणी दोन ओळींची एक झालेली असते. एकेका शब्दाची ओळ हाच या कवितेचा श्वास आहे, त्यामुळे छापील संग्रहावरून ताडून घ्या. हक्कांचं : कवी २००९ मध्ये गेला, आपल्या कायद्यात मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०६९ अखेरपर्यंत. घरी कितीही गिरवा. छापायचं किंवा तिकीट लावून वाचायचं तर वारसांची परवानगी लागेल.

एक शब्द उरला, 'कुतांग'. काठीच्या टोकाला फडकवायचं ते. 'चोळी' लिहिली की साडीचोळी, ओटी, मानपान सगळं येतं आणि निशाणाला उगाच पावित्र्य चढतं. 'ब्रा' फार शहरी, आणि साठच्या दशकातल्या चाळीत कुणी तसं म्हणत नव्हतं. 'अंतर्वस्त्र' तर धोब्याच्या पावतीवरही नसतं.

मोहरीपूड

बॉडीस. बायका तेच म्हणायच्या.

अडकित्ता

'बॉडीसची निशाणं'. लिहून टाका.